रोज अर्धा तास काळजीचा

९ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि तरी उघडलंस. म्हणजे निदान चार ओळी वाचशील. मला तेवढ्या पुरे आहेत.

पत्ता तुझ्या वहिनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तुम्हा दोघींचं बोलणं चालू आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझ्याबद्दल तिला काही विचारायचं नाही ही तुझी अट होती आणि सहा वर्षं मी ती पाळली. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी दोनदा मोडली, पण दोन्ही वेळा तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

घरी सगळं ठीक आहे. मध्यंतरी कामावर मला जरा चक्कर आली, म्हणून तीन आठवडे सुट्टीवर आहे. घाबरण्यासारखं काही नाही. (हे वाक्य मी लिहितोय याचं तुला हसू येईल. येऊ दे.) रिकामा बसून बसून घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. नळ बदलले. वहिनी म्हणते, आता शेजाऱ्यांकडे जा, पण माझ्या स्वयंपाकघरातून निघा.

मी अजून लिफ्टच दुरुस्त करतो. तीच कंपनी, तीच हत्यारांची पेटी, गुडघे तेवढे नवे हवेत. तू पुलांची तपासणी करतेस एवढं मला माहीत आहे. कुठल्या पुलांची, किती उंच, ते विचारत नाही.

उत्तराची वाट बघणार नाही. म्हणजे बघेन, पण तुला त्याचा त्रास होऊ देणार नाही.

तुझा
दादा


२ मार्च

प्रिय खारूताई,

मागचं पत्र टाकून आलो तेव्हा वहिनीने विचारलं, "काय लिहिलंत?" मी सांगितलं, जरा चक्कर आली होती असं कळवलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबवून म्हणाली, "जरा?"

तेवढंच म्हणाली, पण मला पंधरा दिवस पुरलं. तेव्हा आता नीट लिहितो.

नऊ मजल्यांची इमारत होती. मी आणि माझा जोडीदार लिफ्टच्या पेटीवर उभे होतो. जोडीदाराला आम्ही पैलवान म्हणतो, कारण त्याचं वजन छत्तीपेक्षा थोडंच जास्त आहे. दोर तपासायचे असले की आम्ही पेटीच्या टपावर चढून ती अगदी हळू वर खाली नेतो. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये पेटी थांबवली आणि माझ्या मनात आलं, दोर तुटणार.

तासाभरापूर्वी ते दोर मी स्वतः मापले होते. सहाच्या सहा ठणठणीत. त्यातला एकटा दोरसुद्धा ती पेटी पेलू शकतो. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. तरी छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं, हातांना मुंग्या आल्या, श्वास घेतोय तो आत कुठे जातोय तेच कळेना. मी खाली बसलो आणि टपावरची लोखंडी तुळई दोन्ही हातांनी धरली. आता मरतो अशी खात्री होती. शंका नव्हे, खात्री.

पैलवान ओरडला नाही, धावपळ केली नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "दादा, एक बोट सोडा. एकच." मग म्हणाला, "आता दुसरं." दहा बोटं सोडवायला वीस मिनिटं लागली. पैलवान अठ्ठावीस वर्षांचा आहे, मी शेहेचाळीसचा. तो मला हाताला धरून सातव्या मजल्याच्या दारातून बाहेर घेऊन आला आणि सबंध इमारतीने ते पाहिलं.

दवाखान्यात नेलं. आणि इथे तुला सांगायचं राहिलेलं असं, की ती पाचवी खेप होती. चौदा महिन्यांत पाच वेळा मी छाती धरून त्याच दवाखान्यात गेलो होतो. दर वेळी ईसीजीची पट्टी काढायचे, रक्त तपासायचे आणि "हृदय उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवायचे. टेन्शन मी घेत नव्हतो गं, ते दारातून आत येऊन खुर्ची ओढून बसायचं.

या वेळचा डॉक्टर तरणा होता. त्याने माझी जुनी कागदपत्रं मागवली, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "तुमचं हृदय माझ्या हृदयापेक्षा बरं आहे. मला हे सांगा, काळजी किती वर्षं करताय?"

मी म्हटलं, "कशाची?"

"तेच विचारतोय. कशाची?"

मी विचार केला. कशाचीही, असंच उत्तर येत होतं. शेवटी म्हटलं, "आठवतं तेव्हापासून."

तुझी वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती रडायला लागली. मला वाटलं घाबरली. नंतर म्हणाली, "घाबरले नाही. हे कुणीतरी विचारावं म्हणून वीस वर्षं वाट बघत होते."

त्याने एका मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मी तीन दिवस ती खिशात ठेवली. चौथ्या दिवशी वहिनीने माझा शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासले, चिठ्ठी टेबलावर ठेवली, शेजारी माझे बूट आणून ठेवले.

दादा


३० मार्च

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड मिळालं. "पत्रं मिळतात. वाचते. उत्तर देईन की नाही ठरलेलं नाही." मी ते अकरा वेळा वाचलं. बारावी वेळ व्हायला नको म्हणून वहिनीकडे दिलं.

तेव्हा तू वाचतेस असं धरून लिहितो.

डॉक्टरबाई साठीच्या आहेत. जाड भिंगाचा चष्मा, पायात कापडी चपला, टेबलावर फुटक्या कपात पेन्सिली. मी मनाशी धरून गेलो होतो की वेड्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. त्यांनी आधी माझा रक्तदाब बघितला, गळा चाचपला आणि थायरॉईडची तपासणी लिहून दिली. ती बिघडली तरी असंच धडधडतं म्हणे. ती ठीक निघाली. मग विचारलं, चहा किती? मी म्हटलं, नऊ कप. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आजारी आहात की उकळताय?"

आजाराला त्यांनी एक नाव सांगितलं. लांबलचक आहे. त्याचा अर्थ एवढाच की काळजीला कारण लागत नाही, ती आधी येते आणि कारण नंतर शोधते. आज मुलगा नाही म्हणून काळजी, उद्या आहे म्हणून काळजी. महिनोन् महिने असं चाललं की मान आखडते, पोट बिघडतं, झोप उडते, माणूस चिडका होतो. माझी सगळी चिडचिड आठव. ती मी शिस्त म्हणायचो.

मी विचारलं, हे मलाच का? त्या म्हणाल्या, एक कारण सांगता आलं असतं तर मी आज फार श्रीमंत डॉक्टर असते. थोडं रक्तातून येतं, थोडं घरातून, थोडं जे घडलं त्यातून, आणि मग आपण त्याला जे खाऊपिऊ घालतो त्यातून. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी काळजी करणारं?"

आई आठवली. बाहेर निघताना गॅसची कळ तीनदा चाचपायची. आपण शाळेतून यायच्या वेळी खिडकीत उभी असायची, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर दार उघडताना आधी एक चापट द्यायची, मग जवळ घ्यायची. आपल्याला वाटायचं सगळ्या आया अशाच असतात.

आणि बाबा. ते गेले तेव्हा मी अकराचा आणि तू तीनची, तुला काही आठवत नसणार. सकाळी कामावर गेले आणि दुपारी माणसं सांगायला आली. आईने रडणं दोन दिवसांत आवरलं. तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावलं, माझे खांदे धरले आणि म्हणाली, "आता हिच्यावर लक्ष ठेव. तुझ्याशिवाय कोण आहे?"

मी ठेवलं. तू दुपारी झोपलीस की तुझ्या नाकाखाली बोट धरून बसायचो, श्वास लागतोय का बघायला. शाळेतून पळत यायचो. तू झाडावर चढलीस की खाली दोन्ही हात पसरून उभा राहायचो. खारूताई हे नाव मीच ठेवलं, लोकांना वाटलं लाडाने. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, मी चांगला भाऊ होतो. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांच्या पोराने पस्तीस वर्षं पहारा दिला. चांगला होताच. पण त्याची ड्यूटी कुणी उतरवली का नाही?"

मला तिथे रडू आलं नाही. बसथांब्यावर आलं. बाजूच्या बाईंनी मला रुमाल दिला, तो अजून माझ्याकडे आहे.

आमच्या लिफ्टमध्ये वेगावर नजर ठेवणारं एक चाक असतं. पेटी फार जोरात खाली यायला लागली की ते अडकतं आणि पेटीला जागच्या जागी आवळून धरतं. फार मोलाचं चाक. पण ते नको इतकं नाजूक लावलं तर पेटी नेहमीच्या चालीने निघाली तरी अडकतं आणि माणसं मजल्यांच्या मध्ये लटकतात. मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपण ते काढून टाकायचं नाही. फक्त पुन्हा लावायचं."

रोज सकाळी एक गोळी आहे. पहिले दिवस वाईट गेले. मळमळ, आणि धडधड उलट वाढलेली. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकलो. गुण यायला महिना दीड महिना लागेल म्हणाल्यात.

दादा


११ मे

प्रिय खारूताई,

या पत्रात मी शहाणा दिसणार नाही.

एप्रिलच्या मध्यावर मला बरं वाटायला लागलं. इतकं बरं की एका दुपारी मी खिडकीशी बसून होतो आणि लक्षात आलं, गेला तासभर मी कशाचाच विचार केला नाहीये. बाहेर कुणी गालिचा झटकत होतं, तेवढंच बघत होतो. मग मी काय केलं असेल? गोळ्या बंद केल्या. कुणाला न सांगता. दुरुस्त झालेल्या यंत्राला कशाला हात लावायचा, असा माझा हिशेब.

चौथ्या दिवशी डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. मग दोन आठवड्यांत सगळं परत आलं, आणि सोबत चार पाहुणे घेऊन आलं. मी पैलवानला दिवसातून सहा वेळा विचारायला लागलो, तू दाराचं कुलूप तपासलंस ना? सहाव्या वेळी तो म्हणाला, "दादा, तुम्ही विचारता तेव्हा मलाच वाटतं मी तपासलं नाही." त्या दिवशी तो खरोखरच एक पाना टपावर विसरला. आमच्या जोडीच्या सोळा महिन्यांत पहिल्यांदा.

मला तू आठवलीस. मी विचारायचो, "नक्की येईल ना तुला?" आणि तू मग यायचं तेही चुकायचीस.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं, माझ्यासमोर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, गोळी सुरू करायची मी सांगितली, थांबवायचीही मीच सांगणार, आणि तीही हळूहळू. गोळी म्हणजे आधार. चालायचं तुम्हालाच आहे. आणि त्यांनी मला बोलण्याच्या उपचाराला पाठवलं.

तिथे एक समुपदेशक आहेत. ठेंगणे, गोल, फार कमी बोलणारे. त्यांचं पहिलं काम असं: मला काळजीची वेळ ठरवून दिली. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, वही घेऊन. दिवसभरात काळजी आली की तिला म्हणायचं, साडेपाचला ये. मला ही थट्टा वाटली. पण दुपारी बारा वाजता छाती फाडणारी काळजी साडेपाचला आली की अगदी हडकुळी असायची. कधी कधी तर यायचीच नाही आणि मी वही उघडून बसलेला. वहिनी विचारायची, "आज कुणी नाही आलं?"

वहीत दोन रकाने. डावीकडे, काय होईल असं वाटतं. उजवीकडे, काय झालं. आठवडाभरातच डावा रकाना भरून वाहतोय. उजव्यात बहुतेक ठिकाणी लिहिलंय, "काही नाही." एक दिवस लिहिलंय, "वहिनीला बाजारातून यायला तास उशीर. कारण तिला जुनी मैत्रीण भेटली. दोघींनी आईस्क्रीम खाल्लं."

दुसरं काम जास्त कठीण. तपासायचं नाही. विचारायचं नाही. वहिनी बाहेर गेली की फोन करायचा नाही. समुपदेशक म्हणतात, प्रत्येक वेळी खात्री करून घेतली की घटकाभर बरं वाटतं, आणि तेवढ्यानेच काळजी पुढच्या वेळी जास्त मागते. न विचारता बसलं तर ती वाढत जाते, वाढत जाते, आणि मग आपली आपण उतरते. मला ते पटलं नाही. मग मी घड्याळ लावून बसलो. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली. परवा बारा.

गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. मी गेल्या सोमवारी परत लिफ्टच्या टपावर चढलो. आधी फक्त उभं राहायचं, पेटी हलवायची नाही. मग एक मजला. पैलवान शेजारी शीळ घालत होता. इतकी बेसूर की त्या भीतीपुढे बाकीची भीती राहिली नाही.

दादा


१९ जून

प्रिय खारूताई,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. दोनदा त्यात आजार जास्त होता आणि मी कमी. ती फाडली.

तू का गेलीस हे आपल्या दोघांना माहीत आहे. पुलांच्या कामावर तुझी पहिली निवड झाली तेव्हा मी त्या कार्यालयात फोन करून सांगितलं की माझ्या बहिणीला फेफरं येतं. त्यांनी निवड रद्द केली. तुला कळलं. तू पेटी भरलीस आणि दारात मला म्हणालीस, "तुला माझी काळजी नाही दादा, तुला माझी भीती आहे." आईच्या माघारी त्या घरात झालेलं ते शेवटचं मोठ्याने बोलणं.

त्याची माफी मी तेव्हाच मागितली होती. आज लिहितोय ते दुसरं आहे, आणि ते तुला माहीत नाही.

तू बावीस वर्षांची असताना दूरच्या त्या संस्थेत अर्ज केला होतास. दोन वर्षांचा अभ्यास, राहणं खाणं त्यांच्याकडे. चार महिने तू रोज पोस्टाची वाट बघितलीस. मग तू वाट बघणं सोडलंस.

पत्र आलं होतं. मी दारात होतो, माझ्या हातात पडलं. तुझी निवड झाली होती. शंभरांतून सात निवडले होते आणि यादीत तू दुसरी होतीस. मी ते हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवलं, कापडाखाली. स्वतःला म्हटलं, दोन दिवसांनी देतो. मग त्यांची मुदत संपली.

एके दुपारी तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मी तेवढी हुशार नाहीये रे, दादा." मी म्हटलं, "जाऊ दे. इथेही चांगलं होईल." तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या क्षणी लाज वाटली नाही. हायसं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

नंतर तू नऊ वर्षं नकाशे काढण्याच्या कार्यालयात बसलीस. कुणी तुला काही मोठं सुचवलं की म्हणायचीस, माझी तेवढी झेप नाही. ते वाक्य मी तुझ्या तोंडात घातलं होतं.

समुपदेशकांना हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे आशेने बघत होतो. ते म्हणतील, हा आजारच होता. पण ते म्हणाले, "भीती आजाराची होती. पत्र तुम्ही लपवलंत. दोन्ही खरं आहे." मी म्हटलं, मला तिला सांगायचंय. ते म्हणाले, "तुम्हाला हलकं व्हायचंय, की तिला कळायला हवंय? नीट बघा. कारण हलकं व्हायचं असेल तर ती खात्री करून घ्यायचीच सवय आहे, नव्या कपड्यांत."

महिनाभर बघितलं. मला हलकं व्हायचंय, ते नाकारत नाही. पण तुला कळायलाही हवं. तू नापास झाली नव्हतीस. कधीच नाही. यादीत दुसरी होतीस.

मूळ पत्र सोबत पाठवतोय. घड्यांवर तेलाचे डाग आहेत, त्याला माझा इलाज नाही.

वहिनीला काल सांगितलं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सकाळी म्हणाली, "पोस्टात मी टाकते. तुमच्या हातून परत राहायला नको."

याचं उत्तर मागत नाही.

दादा


२८ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

दहा आठवडे झाले. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

तुला पत्र मिळालं, एवढं वहिनीने सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू तिच्याशीही आता कमी बोलतेस, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतं. वहीत डाव्या रकान्यात रोज एकच ओळ असते. उजवा रकाना मोकळा सोडलाय. समुपदेशक म्हणाले, काही उजवे रकाने मोकळेच राहतात, त्यांच्यासोबत जेवायचं, कामाला जायचं, झोपायचं.

तसं करतोय. जेवतो, कामाला जातो, झोपतो. चहा तीन कप. संध्याकाळी चालायला जातो, वहिनी सोबत असते, बहुतेक वेळ दोघं गप्प. पैलवानचं लग्न ठरलं. मुलगी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तो ते सगळ्यांना स्वतःहून सांगतो.

धडधड अजून येते. गेल्या बुधवारी आली, टपावरच. मी तिला म्हटलं, ये, बस, माझं काम चालू आहे. मी दोर मापत राहिलो. ती बसली आणि काही वेळाने गेली.

एवढंच. तुला राग येण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो मी घालवायचा प्रयत्न करणार नाही. पत्रं नको असतील तर वहिनीला एक शब्द कळव, मी थांबेन.

दादा


१४ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

तुझं पत्र काल आलं. चार पानं. मी ते दोनदाच वाचलं, कारण दोनदा वाचून कळलं.

आधी तू जे पहिल्या पानावर लिहिलंस त्याबद्दल. "त्या पत्राची मी तुला माफी दिलेली नाही. देईन की नाही माहीत नाही. ते वेगळं ठेव, बाकीच्यात मिसळू नकोस." वेगळं ठेवलं. मिसळणार नाही.

आता बाकीचं.

तपासणीसाठी पुलाखाली सोडतात त्या पाळण्यात असताना तुझे हात बधिर झाले, श्वास अडला, पुलाचा खांब हलतोय असं वाटलं, आणि सोबत्यांनी पाळणा खाली घेतला. आणि हे उन्हाळ्यापासून तिसऱ्यांदा. तू लिहिलंस, "दवाखान्यात डॉक्टर बोलायच्या आत मीच सांगितलं, आमच्या घरात हे आहे, माझ्या आईला होतं, भावाला आहे." ते वाचून मी पान खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आलो. मला पाच खेपा आणि पस्तीस वर्षं लागली. तू तिसऱ्या खेपेला सांगितलंस.

तू जे विचारलंस त्याची उत्तरं.

मळमळ माझी बाराव्या दिवशी थांबली. तुझी आधी थांबेल, नाहीतर नंतर. पोट भरलेलं असताना गोळी घे. आणि बरं वाटायला लागलं की माझी एप्रिलची हुशारी करू नकोस.

हातांना मुंग्या येतात त्या फार भराभर श्वास घेतल्याने. त्या वेळी मोठा श्वास घेऊ नकोस, श्वास हळू सोड. घेण्याचं शरीर बघून घेतं.

लोकांना सांगावं का? मी पैलवानला सांगितलं होतं. त्याला दहा बोटांपासून सगळं माहीतच होतं. तुझ्या सोबत्यांतल्या एकाला सांग. ज्याची शीळ बेसूर आहे अशा कुणाला.

आणि तू विचारलंस, हे आईकडून आलं, की तुझ्याकडून? हा प्रश्न तू हळू लिहिला आहेस, अक्षरावरून कळतं. डॉक्टरबाईंना आज सकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, किती कुणाकडून याची फोड कुणालाच करता येत नाही. मला वाटतं, थोडं दोघांकडूनही आलं असेल. मी तुझ्या नाकाखाली बोट धरून बसायचो, तेव्हा कधी कधी तू जागी असायचीस. माझा चेहरा बघायचीस. लहान पोरीने त्यातून काय घेतलं असेल? माझ्याकडून आलेल्या वाट्याचं मला वाईट वाटतं. पण ते कुठूनही आलं असलं तरी त्यावर उपाय आहे, आणि तो मी माझ्या अंगावर पाहिलाय.

आता एक कबुली. पत्र वाचून झाल्यावर मी कपाटावरची बॅग काढली. दोन शर्ट भरले. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बोलावलंय का तिने?" मी पत्र पुन्हा चाळलं. चार पानांत कुठेही "ये" असं नाही. मी पलंगावर बसलो. घड्याळ लावलं नाही, पण बराच वेळ गेला असावा, कारण खोलीतलं ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं. मग शर्ट काढून घडी केले आणि बॅग वर ठेवली. मी येत नाहीये. तू बोलावलंस तर त्याच दिवशी निघेन. नाही बोलावलंस तरी मी बरा असेन, हे तुला माहीत असू दे.

शेवटचा प्रश्न तू मला का विचारलास कळत नाही. जगात इतकी माणसं असताना हा प्रश्न मला. साहेबांनी तुला कार्यालयातलं काम देऊ केलंय, टेबलाशी बसून, खाली, कायमचं. "घेऊ का?" असं लिहिलंस.

माझ्या छातीत आत्ता, हे लिहिताना, धडधडतंय. त्याला बसायला सांगितलंय.

नको घेऊस. महिनाभर सुट्टी घे, गोळीला वेळ दे, बोलायला कुणीतरी शोध. मग पहिल्या दिवशी नुसती पुलाच्या कठड्याशी उभी राहा. दुसऱ्या दिवशी पाळण्यात बस, खाली सोडू देऊ नकोस. मग हातभर खाली. घाबरशील. घाबरलेलीच उतर. आणि वर आल्यावर मला कळवायची काही गरज नाही.

पुलावर परत जा, खारूताई.

दादा